बरडावरचा रिटायरमेंट प्लॅन

माझा रिटायरमेंट प्लॅन एका एक्सेल शीटमध्ये होता. अडीच एकर जमीन, तीन-तीन मीटरवर सागाचं एक रोप, म्हणजे एकरी साडेचारशेच्या आसपास. एकूण अकराशे झाडं. वीस वर्षं थांबायचं आणि तोडायची, बस्स! एका झाडाची किंमत मी जरा हात राखूनच धरली होती. तरीही शेवटच्या चौकटीत जो आकडा उमटला तो बघून मी शेजारच्या क्युबिकलमधल्या मैत्रिणीला खुर्चीसकट ओढून आणलं. ती म्हणाली, "आणि तू इथे सॉफ्टवेअर टेस्टिंग करतेस? वेडी आहेस का?"

जमीन अर्थात माझी नाही, आईच्या वाट्याची. फैजपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. फैजपूर माहीत नसेल तर सांगते : जळगाव जिल्हा, यावल तालुका आणि नजर जाईल तिथवर केळी. इतिहासाच्या पुस्तकात हे नाव एकदा डोकावून जातं, कारण डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथलं. अध्यक्ष पंडित नेहरू आणि अधिवेशनाची नगरी सजवायला नंदलाल बोस. आजोळी हे दर दिवाळीला ऐकवलं जातं. मी ते ऐकायचे आणि केळीचे वेफर्स संपवायचे. जमिनीबद्दल मात्र कधी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

आता विचारायची वेळ आली होती. मामांना फोन लावला.

"साग? त्या बरडावर?" एवढं बोलून मामा गप्प. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाले, "डिसेंबरात ये. भरीत खाऊ, जमीन पाहू. पण नक्की ये हो, मुरूमवाले विचारून राह्यले."

मुरूमवाले म्हणजे रस्त्याच्या भरावासाठी मुरूम उचलणारे. जमीन विकायची नाही, नुसता वरचा थर खरवडून न्यायचा आणि रोख पैसे हातात. आईचं मत होतं, देऊन टाकू या. तसंही तिथे काही उगवत नाही.

आमच्या घरात सागाची आणखी एक गोष्ट आहे, ती इथेच उरकून घेते. १९९०च्या दशकात सागाच्या स्कीमचं पेव फुटलं होतं, तुमच्याही घरात कुणीतरी पैसे घातले असतील. बाबांनी घातले. गुळगुळीत कागदाचं सर्टिफिकेट आलं, त्यावर हिरवंगार झाड. १९९९ मध्ये सेबीने अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम आणले, तोवर बाबांची कंपनी पत्त्यासकट गायब झाली होती. सर्टिफिकेट अजून कपाटात आहे. माझं म्हणणं होतं, बाबांना कंपनीने फसवलं, झाडाने नाही. आपलीच जमीन, आपलीच झाडं, मग फसवणार कोण?

२७ डिसेंबरला सकाळी मामांनी जीप काढली. शेत उत्तरेला, पण जीप निघाली दक्षिणेला, तापीच्या दिशेने. "आधी खालून सुरू करू," म्हणाले. एका बांधाशी थांबून त्यांनी मूठभर काळी माती उचलली, माझ्या बिस्लेरीच्या बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतलं, तळहातावर मळून तिची लांब वळी केली आणि ती वळी वाकवून माझ्या हातात बांगडीसारखी ठेवली. तुटली नाही! "बांगडी झाली म्हणजे चिकण. आता झाडं सांग."

झाडं? बांधावर बाभूळ. पलीकडे हिवर. विहिरीपाशी कडुनिंब.

"साग दिसला?"

नव्हता. मला तर वाटत होतं, काळी माती म्हणजे मातीतली मर्सिडीज, तिच्यात काहीही लावा, येणारच. कापसाला, ज्वारीला येईलही. झाडांची गोष्ट वेगळी. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. पावसाळ्यात ती इतकी गच्च होते की मुळांना हवा मिळत नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगा कोवळी मुळं चक्क तोडतात. एक ऋतू गुदमरायचं, दुसऱ्या ऋतूत तुटायचं. हे ज्या झाडांना जमतं ती इथे राहतात. बाभळीला जमतं. पाणी साचणाऱ्या जड जमिनीत पळसालाही जमतं. सागाला बिलकूल नाही, त्याला पायाशी साचलेलं पाणी चालत नाही. नदीकाठच्या निचऱ्याच्या पोयट्यात तो मजेत वाढेल, पण ती जमीन केळी सोडून सागाला कोण देणार? (मामांनी माझ्याकडे बघितलं. मी बाटलीचं झाकण लावलं.)

मग जीप वळली. फैजपूर मागे पडलं, केळी विरळ झाली आणि रस्त्याकडेला गोटे दिसायला लागले. आधी लिंबाएवढे, मग नारळाएवढे. शेतांचे बांधही गोट्यांचेच. सातपुड्यातून धावत येणाऱ्या नद्या इथे सपाटीला लागतात आणि हातातलं सगळं सामान टाकून देतात. जड दगड आधी, वाळू पुढे, बारीक गाळ सर्वांत शेवटी तापीकडे. डोंगराच्या पायथ्याला लागून या दगडगोट्यांचा एक पट्टाच तयार झाला आहे. भूजलवाले त्याला 'बझाडा' म्हणतात. शब्द मुळात स्पॅनिश. कुठल्या कुठे येऊन पडलाय बघा! पण यावल-रावेरकडे पाण्याच्या गप्पांत तो सर्रास ऐकू येतो. कारण डोंगरातलं पाणी जमिनीत मुरतं ते प्रामुख्याने याच गोट्यांमधून, आणि खालच्या केळीच्या बोअरना तेच पाणी. मामांच्या वडिलांच्या काळी विहिरीला पाणी असायचं. आता मामा बोअरची खोली शेकडो फुटांत सांगतात, तीही सांगायला कुरकुरत.

आईची अडीच एकर याच पट्ट्याच्या वरच्या टोकाला आहेत. मामांनी ती लांबून, जीप न थांबवता दाखवली. "येताना उतरू. आधी वर चल."

खिरोदा ओलांडून पालकडे चढणारा रस्ता लागला आणि खरी मजा सुरू झाली. घाटात जिथे रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे मामांनी गाडी उभी केली. कापलेली भिंत म्हणजे अगदी केकचा स्लाइस. वर वीतभर तांबूस माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. मुळं या सगळ्यांतून खाली आलेली, काही जागीच आडवी वळलेली, एक मात्र कातळाच्या फटीत सरळ घुसलेलं. या मुळाचा मालक वर उभा होता. करड्या सालीचा, आपट्यासारख्या जोडपानांचा अंजन.

अंजन हे खान्देशचं झाड म्हणावं इतकं इथलं. लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. त्याचं रोप पहिल्या वर्षी वर फारसं काही करत नाही. वितीएवढं दिसतं, पण खाली त्याचं सोटमूळ ओल शोधत नुसतं धावत असतं. आमच्या अप्रेझलमध्ये हा पहिल्याच क्वार्टरला नापास झाला असता! जिथे इतरांना पाय रोवता येत नाही तिथे, कडक उथळ जमिनीवर, तो मग एकटाच अख्खं रान भरून टाकतो.

आणखी वर, उताराच्या डोक्यावर, मातीही जवळजवळ संपली. नुसता दगड आणि दगडांच्या खोबणीत जमेल तेवढी माती. तिथे सालई. डिसेंबरात पानं गळत आलेली, साल कागदासारखी सुटणारी. मधूनच कांडोळ, पांढऱ्याफटक खोडाचा, चांदण्यात बघितला तर भूतच वाटेल. सालईचं लाकूड मऊ, इमारतीला फारसं उपयोगाचं नाही. पण गंमत ऐका. बऱ्हाणपूरजवळ नेपानगरला देशातली पहिली न्यूजप्रिंटची गिरणी निघाली, तिच्या कागदाचा लगदा बांबूबरोबर याच सालईचा होता. १९५६ मध्ये ती राष्ट्राला अर्पण करायला आले होते नेहरूच. म्हणजे सातपुड्यातल्या सर्वांत भिकार मातीवरच्या झाडाच्या कागदावर देशाने पेपर वाचले.

"आणि साग?" मी विचारलं. एव्हाना मला सागाची काळजी वाटायला लागली होती.

साग भेटला खाली, पालच्या बाजूला सुकी नदीच्या खोऱ्यात उतरल्यावर. उताराच्या पायथ्याशी, जिथे वरून वाहून आलेली माती साठते, पण पाणी मात्र साचत नाही. सरळ उंच खोडं, डिसेंबरातली तपकिरी व्हायला लागलेली परातीएवढी पानं. त्याच्याजवळ मगरीच्या पाठीसारख्या सालीचा ऐन, उतारावर धावडा, बांबूची बेटं. नदीच्या काठाला तर वेगळंच जग, अर्जुन, उंबर, जांभूळ. अंजनाचा पत्ता नाही. सकाळपासून आम्ही फार तर चाळीस-पन्नास किलोमीटर फिरलो असू. पाऊस सगळीकडे साधारण तोच, डोंगरात थोडा जास्त. उन्हाळाही तोच. आणि जंगलं किमान चार!

खडकही एकच बरं का. हा सगळा डोंगर बेसॉल्टचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. मग एकाच खडकाच्या इतक्या माती कशा? फंडा उताराचा आहे. उतारावर पाणी थांबत नाही. ते खडकातले विरघळणारे क्षार धुऊन नेतं, सुटलेली मातीही नेतं, मागे तांबूस उथळ मुरमाड थर उरतो. ते धुतलेलं चुन्याचं, मॅग्नेशियमचं, वाळूतल्या सिलिकाचं धन सखलात जाऊन बसतं आणि त्यातूनच ती फुगणारी काळी चिकणमाती घडते. वरचं बरड आणि खालची काळी या सख्ख्या बहिणी, एकीचं गेलं ते दुसरीला मिळालं. जेफ्री मिल्न नावाच्या मृदाशास्त्रज्ञाने १९३५ च्या सुमाराला पूर्व आफ्रिकेतल्या टेकड्यांवर हेच पाहिलं आणि माथ्यापासून पायथ्यापर्यंतच्या मातीच्या या ओळीला 'कॅटिना' म्हटलं. लॅटिनमध्ये कॅटिना म्हणजे साखळी.

झाडांच्या बाजूनेही कुणीतरी हिशेब मांडलाच होता. हॅरी चॅम्पियन या वन अधिकाऱ्याने भारतातल्या जंगलांचे प्रकार पाडणारं पहिलं मोठं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं १९३६ मध्ये, म्हणजे फैजपूर अधिवेशनाच्याच वर्षी. १९६८ मध्ये त्याने एस. के. सेठ यांच्याबरोबर त्याची सुधारित आवृत्ती काढली. वनखात्यात आजही तिच्यातले प्रकार वापरतात. त्यात कोरड्या पानगळी जंगलांच्या यादीत एक वेगळा गट आहे, हवामानाने नव्हे तर जमिनीने ठरवलेल्या जंगलांचा. सालईचं जंगल, बाभळीचं, अंजनाचं, पळसाचं, कोरडं बांबूबन. यादी वाचताना मला मामांच्या जीपचा रूटच वाचल्यासारखं वाटलं.

आता लगेच 'माती बघा, जंगल सांगा' असा फॉर्म्युला करू नका. मी तोच केला आणि मामांनी तिथल्या तिथे हाणून पाडला. वणव्यात टिकून पुन्हा फुटतो म्हणून साग कित्येक ठिकाणी उरतो. वनखात्यानेही त्याला वर्षानुवर्षं लाडावून लावलाय. चराई आहे, कुऱ्हाड आहे. यावलचं अभयारण्य जाहीर झालं १९६९ मध्ये, पावणेदोनशे चौरस किलोमीटरहून जरा मोठं, पण कागदावर रेघ मारली म्हणून कुऱ्हाड थांबत नाही. मामांनी समोरचा एक उतार दाखवला. त्यांच्या तरुणपणी तिथे साग होता म्हणे, त्याच्याखाली कमरेएवढी माती. झाडं गेली, दोन-चार पावसाळ्यांत मातीही गेली. आता तिथे बोरं, खैर आणि मध्ये मध्ये सालईचे कोंब.

"साग परत लावला तर?" मी.

"कशात लावशील?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. झाडाला माती लागते हे पाचवीच्या मुलालाही ठाऊक असतं. पण माती गेली की तिच्याबरोबर तिथल्या झाडांची पुढची यादीही बदलते, हा भाग मी कधी ऐकलाच नव्हता. अशी वीतभर माती परत व्हायला शेकडो ते हजारो वर्षं लागतात. सुटलेली माती आधी येऊन बसते ती त्या बझाड्याच्या गोट्यांवर. फटी गाळाने बुजल्या की पाणी मुरायच्या ऐवजी वरून वाहून जातं. म्हणजे वरची सालई आणि खालचा केळीचा घड हे लांबचे नातेवाईक निघाले.

येताना अखेर आईच्या तुकड्यावर उतरलो. ऊन कलतं होतं. कुसळी गवत, दोन बोरी, एक वाकडा हिवर आणि कडेला सहा अंजन. मामांनी डिक्कीतून पहार काढली आणि माझ्या हातात दिली. "खण."

मी खणलं. खरंच खणलं, जिमला एवढे पैसे भरते ते कुठेतरी कामी यावेत. वीतभर तांबूस मातीनंतर पहार ठण्णकन वाजली. आणखी थोडं खोदल्यावर गोटे आणि मुरूम. मामांनी त्या मातीची वळी करायला लावली. बोटभर लांब होण्याआधीच ती विस्कटली. मग ते शांतपणे म्हणाले, सागाचं रोप इथे लागेल. पहिले दोन पावसाळे हिरवंही दिसेल. आपण खड्ड्यात भरलेली चांगली माती आणि शेणखत खाऊन ते वाढतं, मग मूळ खड्ड्याच्या भिंतीला लागतं आणि कुंडीतल्यासारखं आतच गोल फिरतं. वीस वर्षांनी झाड असेल मनगटाएवढं. फर्निचरला नाही, मांडवाला चालेल.

मला एकदम आमच्या ऑफिसची वृक्षारोपण मोहीम आठवली. टेकडीवर शनिवारी सकाळी टी-शर्ट, टोप्या, वडापाव आणि शंभर-दीडशे रोपं : वड, आंबा, जांभूळ. रोप हातात घेऊन फोटो सगळ्यांचे आहेत, माझाही आहे. खाली किती माती आहे हे कुणीच बघितलं नव्हतं, पहार कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांच्या हातात होती. पुढच्या मे महिन्यात मी तिथे धावायला गेले तेव्हा बांबूच्या आधारकाठ्या तेवढ्या सरळ उभ्या होत्या. आम्ही ते उन्हाळ्यावर ढकललं होतं.

रात्री शेतात भरीत. बामणोदची हिरवी वांगी, कापसाच्या काड्यांवर भाजलेली. ही वांगी दुसरीकडे लावली तर ही चव येत नाही असं इथले लोक छातीठोक सांगतात, आणि त्या दिवसानंतर मी वाद घालायच्या मनःस्थितीत नव्हते. आईही फोनच्या स्पीकरवर होती. मुरमाचा विषय निघाला. मामा म्हणाले, मुरूम नेला तर खाली उघडे गोटे नाहीतर कातळ. मग तिथे सालईसुद्धा विचार करून येईल. आईने विचारलं, "आणि ठेवून काय मिळणार?" मी विचारलं, "अंजनाचा भाव काय असतो?"

"बकऱ्यांना विचार," मामा म्हणाले. अंजनाचा पाला दुष्काळात गुरांना तारतो. लाकूड पूर्वी बैलगाड्यांना जायचं. आता बैलगाड्याच नाहीत. ते सहा अंजन कुणी लावलेले नाहीत, आपले आपण आलेत. त्यांना राखलं, कडेला चर मारून पाणी अडवलं, बकऱ्या चार-पाच वर्षं बाहेर ठेवल्या, तर आणखी येतील. रोपवाटिकेतून आणायचे नाहीत, कारण पिशवीत त्या सोटमुळाची गुंडाळी होते. बी जागेवरच टोचायचं. मिळकत? मामांनी खांदे उडवले. "खालच्या बोअरचं पाणी धर. ते तुझ्या शीटमध्ये बसतं का पाह्य."

बसत नाही. मी प्रयत्न केला. 'झाडांची संख्या'पुढे सहा लिहिलं, 'विक्री किंमत' रिकामी ठेवली आणि खालच्या सगळ्या चौकटींत एरर आले. मुरूमवाल्यांना मामांनी यंदा नाही म्हणून सांगितलंय. आई 'यंदा' या शब्दावर बोट ठेवून आहे. तिचं चूकही म्हणता येत नाही, तिला गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय आणि अंजन हॉस्पिटलचं बिल भरत नाही. तो खर्च मी माझ्या पगारातून बघते असं सांगितलंय. म्हणजे रिटायरमेंट आणखी लांब.

अंजनाच्या शेंगा एप्रिल-मेमध्ये वाळून गळतात. मी मेच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवसांची रजा टाकली आहे. फॉर्मवर कारणाचा रकाना होता, त्यात 'बी वेचायला' असं लिहिलं. बॉसने अजून मंजूर केलेली नाही, त्याला वाटतंय मी इंटरव्ह्यूला चाललेय.